४ नंबर आणि १५ नंबर नसताना

आमच्या शाळेच्या जर्सी जुन्या आहेत, ४ ते १५ नंबरच्या. पूर्वी नियमच तसा होता. फिबाने, म्हणजे बास्केटबॉलच्या जागतिक संघटनेने, आता नंबर मोकळे केलेत, पण आम्ही अजून त्याच जर्सी घालतो. मी नागपुरात १७ वर्षांखालच्या मुलींच्या बास्केटबॉल संघाला शिकवतो. मुलींची नावं इथे लिहीत नाही, नंबरांनीच सांगतो. ४ नंबर आमची कॅप्टन आणि पॉइंट गार्ड, म्हणजे बॉल पुढे आणून खेळ चालवणारी; १५ नंबर आमची सेंटर, म्हणजे रिंगजवळ खेळणारी उंच खेळाडू. जिल्हा स्पर्धेला अकरा दिवस उरले होते तेव्हा ४ नंबर जायबंदी झाली, आणि स्पर्धा अर्ध्यावर आली तेव्हा १५ नंबर.

४ नंबरला कुणाचा धक्का लागला नव्हता. सरावात फास्ट ब्रेकला बॉल घेऊन सुसाट निघाली, समोर डिफेंडर आली, हिने दिशा बदलायला डावा पाय रोवला आणि गुडघा आतल्या बाजूला वळला. मी साइडलाइनला उभा होतो, तिथपर्यंत ‘कट्’ असा आवाज आला. ती रडली नाही. खाली बसून दोन्ही हातांनी गुडघा धरला आणि म्हणाली, “सर, आत काहीतरी सरकलं.” रात्रीपर्यंत एवढी सूज आली की गुडघ्याची वाटी कुठे आहे ते दिसेना.

डॉक्टरांनी तिला झोपवून गुडघा किंचित वाकवला, मांडी एका हाताने पक्की धरली आणि दुसऱ्या हाताने नडगी पुढे ओढून पाहिली. उजव्या पायाची नडगी पुढे येऊन एका जागी थांबत होती, डाव्या पायाची थांबतच नव्हती. मी शेजारीच होतो, मला नुसत्या नजरेने फरक कळला. एमआरआयने तेच सांगितलं: एसीएल, म्हणजे गुडघ्याच्या आतलं नडगीला पुढे सरकू न देणारं लिगामेंट, पूर्ण तुटलेलं. “किती दिवस लागतील?” तिच्या बाबांनी विचारलं. डॉक्टर म्हणाले, “दिवसांचा हिशेब सोडा. शस्त्रक्रियेनंतर कमीत कमी नऊ महिने. त्याआधी खेळायला उतरली तर पुन्हा तुटायची भीती फार.”

आता माझी चूक सांगतो. दुसऱ्याच दिवशी मी ६ नंबरला बोलावलं आणि म्हटलं, आता तू ४ नंबरच्या जागी. चांगली खेळाडू, शूटिंग छान, मेहनती. तीन सराव झाले आणि पोरीचा चेहरा उतरला. बास्केटबॉलमध्ये बॉल ताब्यात आला की आठ सेकंदांत आपल्या अर्ध्या कोर्टातून पलीकडे न्यावा लागतो. समोरच्यांनी प्रेस लावला, म्हणजे आमच्याच अर्ध्यात येऊन अडवायला लागल्या, दोघी अंगावर आल्या, की ६ नंबर पाठ वळवून ड्रिबल करायची. पाठ वळली की पुढचं काही दिसत नाही. आठ सेकंद तिथेच संपायचे. मी ओरडायचो, ती आणखी घाबरायची.

त्या रात्री वही घेऊन बसलो आणि ४ नंबर मॅचमध्ये नेमकं काय काय करते ते लिहून काढलं. बॉल वर आणते, प्ले सांगते, समोरच्यांच्या सगळ्यात चांगल्या गार्डला अडवते, शॉटसाठी मिळणारे चोवीस सेकंद संपत आले की शॉट घेते, आणि डिफेन्सला मागून ओरडून ओरडून सगळ्यांना जागेवर ठेवते. ही पाच कामं मी एका पोरीच्या डोक्यावर टाकली होती. ज्या मुलीने हे शिकायला चार वर्षं घालवली, तिची जागा दुसरीने तीन दिवसांत घ्यावी अशी माझी अपेक्षा होती.

मग कामं वाटली. बॉल आणायला ६ आणि ९ नंबर दोघी. एकीवर दोघी आल्या की ८ नंबरने कोर्टाच्या मधोमध धावत यायचं आणि पास घ्यायचा, ड्रिबल नाहीच. समोरच्या गार्डला अडवायचं काम ११ नंबरकडे. तिला शूटिंग येत नाही, पण पाय वाऱ्यासारखे. आणि ओरडायचं काम १५ नंबरला दिलं, कारण सेंटर रिंगखाली उभी असते आणि तिला सगळं कोर्ट दिसतं. ती मुळात अबोल. पहिले दोन दिवस तिच्या तोंडून आवाज फुटत नव्हता. तिसऱ्या दिवशी “डावीकडून कट येतोय!” असं ओरडली, तेव्हा सगळा संघ वळून तिच्याकडे बघायला लागला.

१९८० सालच्या एनबीए (अमेरिकेतली व्यावसायिक लीग) फायनलची गोष्ट मी पोरींना नेहमी सांगायचो. लेकर्स संघाचा सेंटर करीम अब्दुल-जब्बारचा घोटा दुखावला होता, आणि सहाव्या मॅचला वीस वर्षांचा मॅजिक जॉन्सन त्याच्या जागी सेंटर म्हणून उभा राहिला. ४२ पॉइंट, १५ रिबाउंड (हुकलेल्या शॉटचा बॉल पकडणं), ७ असिस्ट (ज्या पासवर बास्केट होते तो पास), आणि लेकर्स चॅम्पियन. या वेळी मी गोष्टीचा दुसरा अर्धा भागही सांगितला, जो स्वतः मी कधी नीट पाहिला नव्हता: त्याच रात्री त्याच्याच संघातल्या जमाल विल्क्सने ३७ पॉइंट केले होते. करीमची जागा एकट्या मॅजिकने भरली नव्हती.

इकडे ४ नंबर शाळेतच येईना. फोन केला तर आई म्हणाली, “सर, खोलीतून बाहेरच येत नाही.” मी घरी गेलो. पायाला ब्रेस, खिडकीला पडदा, बोलणं नाही. मी वही पुढे ठेवली आणि म्हटलं, “मला बेंचवर माणूस पाहिजे. आपला बॉल कुठे आणि कुणाच्या हातून जातो, एवढं लिहायचं.” तिने वहीला हात लावला नाही. दोन दिवसांनी मात्र कुबड्या घेऊन कोर्टवर आली, आणि अर्ध्या तासात मला म्हणाली, “सर, ६ नंबर डावीकडे गेली की वळते. तिला उजवीकडूनच बॉल आणू द्या ना.” मी इतके दिवस डोळ्यांदेखत पाहूनही हे मला दिसलं नव्हतं.

जिल्ह्याच्या सेमीफायनलमध्ये १५ नंबर रिबाउंड घेऊन खाली आली ती समोरच्या मुलीच्या पायावर. घोटा आत मुरगळला. बर्फ लावला, पाय उंच ठेवला. घोट्याच्या हाडाच्या मागच्या कडेला दाबून पाहिलं, दुखत नव्हतं. चार पावलं तिने टाकली. म्हणजे हाड बहुतेक शाबूत होतं. ती मॅच निघाली, पण फायनल दोन दिवसांवर. “घट्ट पट्टी बांधा सर, मी खेळते,” ती म्हणाली. तिचे बाबाही म्हणाले, खेळू द्या. खरं सांगतो, माझंही मन तिकडेच ओढत होतं. मी तिला त्याच पायावर तीन उड्या मारायला सांगितल्या. दुसरीलाच तिने भिंत धरली. २०१९ च्या एनबीए फायनलमध्ये केविन ड्युरंट पोटरीच्या दुखापतीतून महिनाभराने उतरला आणि बारा मिनिटांत त्याचा अकिलीस टेंडन, म्हणजे टाचेमागची जाड शीर, तुटला, ते मला आठवलं. तो तर व्यावसायिक खेळाडू, अख्खा वैद्यकीय ताफा पाठीशी. ही दहावीतली पोर. नाही म्हणालो. ती माझ्याशी दिवसभर बोलली नाही.

उंची गेली म्हणून डिफेन्सला मॅन-टू-मॅन, म्हणजे एकीने एकीलाच अडवणं, सोडून २-३ झोन लावला, म्हणजे प्रत्येकीने आपली जागा राखायची. खाली तिघी, वर दोघी, रिंगजवळ गर्दी. आणि आमच्याकडे बॉल असताना घाई नाही, चोवीसपैकी अठरा-वीस सेकंद खेळवायचा. बघायला कंटाळवाणं, पण फायनल आम्ही तीन पॉइंटनी जिंकलो. विभागीयला १५ नंबर ब्रेस घालून थोडा थोडा वेळ खेळली. तिथे सेमीफायनलला हरलो.

मला सगळ्यात जास्त सलतं ते वेगळंच. एसीएलची दुखापत मुलींमध्ये मुलांपेक्षा जास्त होते, आणि उडी मारून खाली येताना गुडघे आत पडू न देण्याचा सराव केला तर धोका कमी होतो, हे मी आधीच वाचलं होतं. करून घेतलं नव्हतं. आता रोज पहिली पंधरा मिनिटं तेच: एका पायावर तोल, उडी मारून मऊ उतरणं, थांबणं, वळणं. कोर्ट सिमेंटचं आहे, ते काही मी बदलू शकत नाही.

४ नंबरच्या शस्त्रक्रियेला सात महिने झाले. सरळ धावायची परवानगी मिळाली आहे, वळायची नाही. रोज संध्याकाळी येते, पन्नास फ्री थ्रो मारते, मग ६ नंबरला बाजूला घेऊन काहीतरी समजावत बसते. महिनाअखेरीस फिजिओ एका पायावर उड्यांची चाचणी घेणार आहेत. डावा पाय उजव्याच्या नव्वद टक्क्यांपर्यंत यायला हवा. तिची जर्सी अजून कुणाला दिलेली नाही.