म्हातारी घोटभर प्याली

श्रावणातला तिसरा सोमवार, रात्र

आजची शिवामूठ मुगाची. सकाळी पावसातच आई आणि मी उत्तरेश्वराला जाऊन आलो. संध्याकाळी उपास सोडायच्या आधी कहाणी झाली. सगळे झोपलेत, मला झोप नाही. आज घडलं ते आजच लिहून ठेवायला हवं.

गेल्या आठवड्यात नववीच्या वर्गात फळ्यावर मोठं वर्तुळ काढलं होतं. गोष्ट कशी रचली जाते हे शिकवायचं होतं. जोसेफ कॅम्बेल या अमेरिकन अभ्यासकानं देशोदेशीच्या पुराणकथा एकमेकींशेजारी ठेवून १९४९ मध्ये मांडलेली ही नायकाची वाट. टप्पे सतरा, पण भाग तीनच : घरातून निघणं, कसोटीतून जाणं, काहीतरी घेऊन परत येणं. मधल्या खाचाखोचा मला फार आवडतात. बोलावणं येतं तेव्हा नायक आधी नाही म्हणतो. मग कुणीतरी मदतीला येतं. मग उंबरठा, आणि उंबरठ्यावर राखण करणारं कुणीतरी.

मुलांना उदाहरण शोधावं लागलं नाही. त्यातली दोघं जुलैतच पन्हाळा ते पावनखिंड चालून आली होती, त्यांच्या बुटांचा चिखल अजून निघाला नसेल. १६६० ची ती रात्र त्यांनी वर्तुळावर भराभर बसवली. वेढा, पाऊस, पालखी, खिंड, विशाळगड. मग मागच्या बाकावरची एक मुलगी उठली आणि म्हणाली, "बाई, महाराज गडावर पोचले. पण बाजीप्रभू खिंडीतच राहिले. त्यांचं परत येणं कुठं काढायचं?"

मी खडू हातात धरून उभी राहिले. तास संपला तरी उत्तर सापडलं नाही.

आता आईंचं. आई म्हणजे माझ्या सासूबाई. माहेर भुदरगडातलं. ज्या करवीर संस्थानात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, मूल शाळेत न धाडणाऱ्या आईबापांना महिन्याला एक रुपया दंड ठेवला, त्याच मुलखात त्यानंतर चाळीस वर्षांनी जन्मलेली ही मुलगी. दुसरीत असताना धाकटा भाऊ झाला आणि त्याला सांभाळायला ती घरी राहिली ती राहिलीच. आकडे त्यांना येतात, कारण लग्नानंतर वीस वर्षं त्यांनी दुधाचे रतीब घातले. अक्षरं गेली.

श्रावणातल्या कहाण्या आमच्याकडे अण्णा, म्हणजे सासरे, वाचायचे. पुस्तक जुनं, खालचा अर्धा भाग पिवळा. २०१९ च्या पुरात कोल्हापूरच्या शुक्रवार पेठेतल्या या घरात कमरेइतकं पाणी होतं. माळ्यावर टाकायच्या गडबडीत पुस्तक हातातून पाण्यात पडलं होतं, अण्णांनी ते चुलीपाशी पान पान करून वाळवलं. दोन वर्षांपूर्वी अण्णा गेले. गेल्या श्रावणात वाचन माझ्याकडे आलं. दुसऱ्या सोमवारी आई एवढंच म्हणाल्या, "तू लई भरभर वाचतीस गं." रागानं नाही. पण त्यानंतर त्या कहाणीला बसल्या की डोळे मिटून घ्यायच्या.

दिवाळीनंतर मीच विचारलं, शिकायचं का? त्या म्हणाल्या, "आता ह्या वयात? डोळं गेलं, गुडघं गेलं, अक्षरं कुठनं येतील?" फळ्यावर मी जे 'नाही म्हणणं' लिहिलं ते माझ्या स्वयंपाकघरात या शब्दांत आलं होतं. मला मात्र दुसरीच गोष्ट लागून राहिली. चौदा वर्षं मी या घरात आहे. रोज सत्तर मुलांना मराठी शिकवून घरी येते. त्या चौदा वर्षांत एकदाही हे विचारलं नव्हतं. त्या नको म्हणतील असं मी परस्पर ठरवून टाकलं होतं. याचं वाईट वाटतं, आजही वाटतंय.

मदतीला आला तो नवा चष्मा. आणि त्याच्यापाठोपाठ माझी दुसरीतली लेक, पाटी घेऊन. मी शिकवायला बसले की आई अवघडायच्या, पदर सारखा करायच्या. नातीसमोर तसं होत नव्हतं. भाकऱ्या थापून झाल्या, तवा उतरला, की दोघी माजघरात खिडकीखाली बसायच्या. स्वयंपाकघर ते माजघर, सहा पावलं. कॅम्बेलच्या वर्तुळात घर म्हणजे एक ठिपका आहे, तिथून निघायचं आणि तिथंच यायचं. बाकी सगळा प्रवास बाहेर. आईंना बाहेर जायला जागाच नव्हती. दूध तापत होतं, जावयाचा फोन येत होता, मोलकरीण आली नव्हती. त्यांना उंबरठा घरातल्या घरात शोधावा लागला.

बाराखडी संक्रांतीपर्यंत आली. कसोटी पुढं होती, ती म्हणजे 'र'. मराठीत हे एक अक्षर किती रूपं घेतं, हे शाळेत शिकवूनही मला कधी जाणवलं नव्हतं. 'सूर्य'मध्ये डोक्यावर बसतो, 'प्रसाद'मध्ये पोटात शिरतो, 'ट्रक'मध्ये पायाशी दोन काड्या होतो, 'सुऱ्या'मध्ये अर्धा चंद्र होऊन पुढच्याला चिकटतो. एका दुपारी आईंनी पाटी पालथी घातली. "एकच माणूस चार सोंगं घेतंय, वळखायचं कसं?" चार दिवस पाटी पालथीच होती. पाचव्या दिवशी त्यांनी स्वतःच ती सुलटी केली. त्या चार दिवसांत काय झालं ते मला माहीत नाही, त्यांनी सांगितलं नाही.

जुलैत पाऊस लागला तेव्हा पंचगंगा चढायला लागली. या दिवसांत पेठेत एकच बोलणं असतं, राजाराम बंधाऱ्यावर किती फूट झालं. एकोणचाळीस म्हणजे इशारा, त्रेचाळीस म्हणजे धोका, आणि मग माळ्यावर सामान. आजवर आई दारात उभं राहून येणाऱ्याजाणाऱ्याला विचारायच्या. त्या दिवशी मी चहा करत होते. पाठीमागून आवाज आला, "इ... शा... रा. इशारा. पा... तळी." पेपर त्यांच्या मांडीवर होता. मी वळले नाही. वळले असते तर त्या थांबल्या असत्या. थोड्या वेळानं त्यांनी शेजारच्या काकूंना भिंतीवरून ओरडून सांगितलं, "अजून इशाऱ्याच्या खालीच हाय वो. पेपरात हाय." त्या 'पेपरात हाय'मध्ये जो दम होता तो मी विसरणार नाही.

आणि आज. कहाणी मीच वाचते, आई म्हणाल्या. कुठली? खुलभर दुधाची.

मला थोडी धाकधूक होती. ही कहाणी त्यांना तोंडपाठ आहे. आटपाट नगर, तिथला राजा, महादेवाचा गाभारा दुधानं भरायचा हुकूम. सगळ्या गावाचं दूध ओतलं तरी गाभारा भरत नाही, कारण घरोघरची लेकरं-वासरं उपाशी ठेवून ते आणलेलं असतं. म्हातारी मात्र आधी घरातल्या सगळ्यांना जेवूखाऊ घालते, गाईवासरांना चारा घालते, आणि उरलेलं खुलभर दूध नेते. त्यानं गाभारा भरतो. त्या वाचतायत की आठवून म्हणतायत, कसं कळणार? सुरुवातीला बोट ओळीवर मागं राहत होतं आणि तोंड पुढं जात होतं. मी गप्प बसले. लेक आजीला टेकून बसली होती.

म्हातारीनं लेकी-सुनांना न्हाऊ घातलं, गाईवासरांचा आत्मा थंड केला, इथवर आल्या आणि थांबल्या. बोट पुढं सरकलं, परत मागं आलं. परत पुढं.

"हितं ते न्हाई."

"काय नाही, आई?"

"म्हातारी बी घोटभर प्याली. ते हितं न्हाईच."

मी पुस्तक घेऊन पाहिलं. खरंच नव्हतं. पिवळं पडलेलं पान, पण अक्षरं शाबूत होती. म्हातारी सगळ्यांना देते आणि खुलभर दूध घेऊन देवळाकडे निघते. आपण प्याल्याचं तिथं नाही. मी गेल्या वर्षी भरभर वाचून गेले होते, माझ्या लक्षातही आलं नव्हतं. इतकी वर्षं अण्णा दर श्रावणात ते वाक्य आपल्या पदरचं घालत आले होते. आणि ऐकायला कोण बसायचं? सगळ्यांची ताटं झाल्यावर, उरलंसुरलं घेऊन, चुलीपाशी जेवणारी त्यांची बायको.

आई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग बोट परत ओळीवर ठेवलं आणि कहाणी साठा उत्तरांची पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण होईपर्यंत सावकाश, एकेक अक्षर लावत वाचली. आता बोट आणि तोंड बरोबर चालत होते.

मला त्या मागच्या बाकावरच्या मुलीची आठवण झाली. उद्या तिला काय सांगू ते अजून नीट जुळलेलं नाही. फक्त आज संध्याकाळी जे ऐकलं ते सांगीन म्हणते.

उपास सोडायला पानं घेतली तेव्हा आईंनी लेकीकडे पेन्सिल मागितली. तिनं टोक करून दिली. पुस्तकाचं ते पान उघडून, समासात, ओठ हलवत, त्यांनी लिहिलं. 'प्या' त्यांच्याकडून होईना. दोनदा खोडरबर मागितलं. शेवटी जसं त्या बोलतात तसंच लिहिलं :

म्हातारी बी घोटबर पेली.

लेक "आज्जी, भ..." म्हणायला गेली. मी तिचा हात हलकेच दाबला. मग आईंचं ताट मी आमच्याच पंगतीत मांडलं, आणि त्या बसल्या.