बटण बंद होतं, पण वायर जिवंत होती

आमच्या बैठकीच्या खोलीतला एलईडी बल्ब बटण बंद केल्यावरही रात्री अगदी मंद चमकत राहायचा. बल्ब खराब असेल म्हणून दोनदा बदलला, तरी तेच. पुढे तो जुना होल्डर काढून तिथे धातूचा लटकता दिवा बसवायचं ठरवलं. दोन स्क्रू, दोन वायरी, अर्ध्या तासाचं काम, असं मला वाटत होतं.

बटण बंद केलं, शिडीवर चढलो, बल्ब काढला. होल्डर उघडून खात्रीसाठी एका टोकाला टेस्टर लावला, तर तो पेटला.

आई खाली शिडी धरून उभी होती. म्हणाली, "अरे, बटण बंद केलंयस ना?"

"आई, बटण बंद आहे. टेस्टर पेटतोय."

मी खाली उतरलो. बटणाने फेज, म्हणजे वीज घेऊन येणारी वायर, तोडायला हवी. आमच्या बोर्डात मात्र फेज सरळ दिव्याकडे गेली होती आणि बटणातून न्यूट्रल, म्हणजे परतीची वायर, फिरवलेलं होतं. अशाने दिवा विझतो, पण होल्डरपर्यंत फेज चोवीस तास उभी असते. बल्ब मंद चमकण्याचं कारणही हेच होतं. (इंडिकेटर असलेल्या बटणामुळेही असं होतं, पण आमचं बटण साधं होतं.)

मग मेन स्विच खाली केला, फ्रीज गप्प झाला. पुन्हा वर चढून टेस्टर लावला. टेस्टर अजून पेटलेलाच! दोन-तीन सेकंद मला काहीच सुचेना. तेवढ्यात आतल्या खोलीतून इन्व्हर्टरचा बीप ऐकू आला. मेन गेला की इन्व्हर्टर क्षणात लाईटच्या सर्किटचा ताबा घेतो, आणि तो तेच काम इमानाने करत होता. ज्यांच्या घरी इन्व्हर्टर आहे त्यांनी ही गोष्ट डोक्यात पक्की बसवावी, असं मला मनापासून वाटतं. मेन बंद म्हणजे घर बंद, हे अशा घरात खरं नसतं.

इन्व्हर्टर बंद केल्यावर टेस्टर विझला. पण तो विझला की बिघडला? शिडीवर वायरींपासून हात लांब ठेवून मी आईला इन्व्हर्टर चालू करायला सांगितलं, त्याच टोकाला टेस्टर पेटला. बंद करायला सांगितलं, विझला. तेव्हा कुठे माझा विश्वास बसला. निऑनचा टेस्टर भर उजेडात नीट दिसत नाही, आणि कोरड्या लाकडी स्टुलावर उभं राहिलं तर फारच फिका पेटतो. त्यामुळे नुसतं "पेटला नाही" एवढ्यावर मी आता वायरीला हात लावत नाही.

सगळं बंद असतानाच होल्डर उतरवला. छतातून तीन वायरी आल्या होत्या. दोन लाल, एक हिरवी. दोन्ही लाल असल्यावर रंगावरून काय ओळखणार? टेस्टरने सापडलेल्या फेजला चिकटपट्टीची खूण केली, फोटो काढला, तिन्ही टोकं वेगवेगळ्या कनेक्टरमध्ये बंद केली. मग लाईट चालू करून, सुटी टोकं कुठेही न टेकू देता, मल्टिमीटरने मोजलं. फेज आणि न्यूट्रलमध्ये 230 व्होल्टच्या आसपास, ठीक. फेज आणि हिरव्या वायरमध्येही जवळपास तेवढंच यायला हवं होतं. आकडा मात्र कमी येत होता आणि स्थिर राहत नव्हता. म्हणजे हिरवी वायर होती, पण अर्थिंगला, म्हणजे गळणारी वीज जमिनीत नेणाऱ्या जोडणीला, जोडलेलीच नव्हती.

इथे मी थांबलो. धातूच्या दिव्यात एखादी वायर आतून सुटून अंगाला टेकली, तर अख्खा दिवा जिवंत होतो. अर्थिंग असेल तर तो करंट त्या वाटेने जातो आणि आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) पडतो. घरगुती आरसीसीबी साधारण 30 मिलिअँपिअरच्या गळतीवर पडतो. 9 वॉटचा बल्बसुद्धा ढोबळ हिशेबाने 40 मिलिअँपिअर घेतो. एवढासा करंट छातीतून वाहिला तर जिवावर बेतू शकतं. बोर्डाच्या आतलं काम माझ्या आवाक्यातलं नव्हतं, म्हणून परवानाधारक वायरमनला बोलावलं. त्यांनी बोर्ड उघडून फेज बटणावर घेतली, न्यूट्रल सरळ केलं आणि मोकळी लोंबणारी हिरवी वायर अर्थिंगच्या पट्टीला जोडली. मी पुन्हा मोजलं. आता आकडा बरोबर आला.

दिवा मी स्वतःच लावला. मेन बंद, इन्व्हर्टर बंद, मेनवर चिकटपट्टी लावून "काम चालू" अशी चिठ्ठी, आणि तपासणी पुन्हा पहिल्यापासून. दिव्याच्या वायरी तपकिरी, निळी आणि हिरवी-पिवळी होत्या, म्हणजे फेज, न्यूट्रल, अर्थिंग. कनेक्टरमध्ये शिरेल तेवढीच वायर सोलली, बाहेर तांबं दिसू दिलं नाही. स्क्रू आवळल्यावर प्रत्येक वायर ओढून पाहिली. त्यात न्यूट्रलची वायर हातात आली. स्क्रू तांब्यावर न बसता प्लॅस्टिकवर आवळला गेला होता. ओढून पाहिली नसती तर हाच लूज कॉन्टॅक्ट पुढे तापत राहिला असता. अर्थिंगची वायर मुद्दाम थोडी लांब ठेवली, म्हणजे कधी ओढ बसलीच तर ती सगळ्यात शेवटी सुटेल. दिव्याचं वजन हुकावर घेतलं, वायरीवर अजिबात नाही.

नव्या दिव्याचा होल्डर चुडीचा (बल्ब फिरवून बसवायचा) असल्याने आणखी एक गोष्ट पाहिली. फेज मधल्या टोकाला आणि न्यूट्रल बाहेरच्या चुडीला असायला हवं, कारण बल्ब फिरवताना बोट चुडीच्या जवळ जातं. ते बरोबर होतं.

लाईट चालू केला. आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबलं, तो लगेच पडला. पुन्हा वर केला. तासाभराने मेन आणि इन्व्हर्टर बंद करून छताजवळचं झाकण उघडलं आणि कनेक्टर चाचपला, तो गार होता.

रात्री आईने बटण बंद केलं आणि आम्ही दोघं वर बघत उभे राहिलो. या वेळी पूर्ण अंधार झाला.