वीतभर अंतर

बुधवार, रात्र

चिऊचा चष्मा सोमवारी कॉलेज रोडवरून आणला आणि तेव्हापासून तिने एकदाही माझा चेहरा हातांत धरलेला नाही.

गेली दोन-अडीच वर्षे काही सांगायचे असले की ती मांडीवर चढायची, दोन्ही तळव्यांत माझे गाल धरायची, नाकाला नाक लागेल इतकी जवळ यायची आणि मगच बोलायची. सासूबाई ते कौतुकाने चारचौघांत सांगत. मीही ते माझ्या एकटीच्या नावावर जमा करत आले होते, कारण तिच्या पहिल्या सात आठवड्यांत पेटीच्या काचेतून बघण्याखेरीज माझ्या वाट्याला फारसे काही आले नव्हते. आज ती स्वयंपाकघराच्या दारातूनच शाळेतले सगळे सांगून निघून गेली.

डॉक्टरांनी शिकवलेला हिशेब मी पुन्हा पुन्हा मांडते आहे. शंभराला नंबराने भागले की किती सेंटिमीटरपर्यंत स्पष्ट दिसते ते कळते. डावा डोळा उणे ५, म्हणजे २० सेंटिमीटर, माझी जेमतेम वीत. उजवा उणे ८, म्हणजे साडेबारा. दुपारी मी शाळेची पट्टी घेऊन स्वतःच्या नाकापासून मोजूनही पाहिले. मग ती माया होती, की बिचारी नुसती मला बघत होती?

मोबाईलमुळे झाले, असे मीनाआत्यांनी फोनवर जाहीर केले. मुदतीआधी जन्मलेल्या मुलांत पुष्कळदा उणे नंबर डोळा लांबट झाल्याने येत नाही, तर बुबुळावरचे पारदर्शक पटल अधिक बाकदार आणि आतले भिंग जाडसर असल्याने येतो, हे त्यांना समजावण्याचे त्राण माझ्यात नव्हते. चिऊ तिसाव्या आठवड्यात आली, १२४० ग्रॅमची. दृष्टिपटलाच्या, म्हणजे डोळ्यातल्या मागच्या पडद्याच्या, रक्तवाहिन्या कडेपर्यंत पोचायला जवळजवळ पूर्ण ४० आठवडे लागतात. तिच्या वाहिन्यांचे उरलेले काम बाहेर, ऑक्सिजनवर असताना वेडेवाकडे झाले आणि लेझर करावे लागले. पडदा वाचला. पुढे दरवर्षी नंबर तपासून घ्या, असे फाईलवर लिहिले होते. फाईल कपाटात राहिली आणि आम्ही पडदा वाचल्याच्या आनंदात. त्याबद्दल आज लिहिणार नाही.

उजवा डोळा आळशी झाला आहे, म्हणून डाव्यावर रोज दोन तास पट्टी लावायची आहे. (आमच्या घरात आळशी म्हटलेले कोणाला चालत नाही, सासूबाईंनी डोळ्याचीही बाजू घेतली.) पट्टी नसते तेव्हा बाईसाहेबांची घराची तपासणी चालू असते. पंख्यावरची धूळ सापडली, ह्यांच्या कानातले केस सापडले, ट्यूबलाईटमागची पाल सापडली. ती पाल तिच्याहून जुनी आहे. माझे पांढरे केस तिने सोफ्यावरून मोजले आणि अकराच्या पुढे आकडे येत नाहीत म्हणून थांबली. गाल धरून बसायची तेव्हा निदान एवढे बारकाईने बघत नव्हती.

संध्याकाळी ओट्याशी उभी असताना दारातून आवाज आला, "आई, तू रडतेस?" कांदा चिरते आहे, असे म्हणून मी मोकळी होणार होते, पण नाशिकमध्ये राहूनही आज ओट्यावर कांदा नव्हता, आणि तेही तिला तिथूनच दिसत होते.