समोरासमोर बसवले आणि आणखीच बिनसले

दोन माणसांत बिनसले की आपल्याकडे सल्ला ठरलेला असतो: समोरासमोर बसा, मनात असेल ते बोलून टाका आणि एकदाचा सोक्षमोक्ष लावा. इंग्रजीत यालाच ‘क्लिअर द एअर’ म्हणतात. कॅम्प डेव्हिडची हकिकत वाचल्यापासून मात्र या सल्ल्यावर माझा पूर्वीइतका भरवसा उरलेला नाही.

सप्टेंबर १९७८ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष जिमी कार्टर यांनी इजिप्तचे अध्यक्ष अन्वर सादात आणि इस्रायलचे पंतप्रधान मेनाखेम बेगिन यांना मेरीलँडच्या डोंगरातील कॅम्प डेव्हिड या आपल्या विश्रामस्थानी बोलावले, तेव्हा त्यांचाही हिशेब असाच होता. सादात आदल्या वर्षीच जेरुसलेमला जाऊन इस्रायली संसदेत भाषण करून आले होते. पत्रकारांना फाटकाबाहेर ठेवून दोघांना निवांत बोलू दिले, तर उरलेली अढीही निघेल, असे कार्टर यांना वाटले.

झाले उलटेच. पहिल्याच संयुक्त बैठकीत सादात यांनी कडक मागण्यांचा लांबलचक मसुदा मोठ्याने वाचून दाखवला. त्यात इजिप्तच्या व्यापलेल्या सिनाई द्वीपकल्पातून इस्रायलने काढलेल्या तेलाच्या भरपाईचीही मागणी होती. कोणत्या मागण्या सोडता येतील, याची यादी त्यांनी आधीच कार्टर यांच्या हाती ठेवली होती, पण बेगिन यांना त्याचा पत्ता नव्हता. दुसऱ्या दिवशी बेगिन त्या मसुद्यातील एकेका मुद्द्यावर तुटून पडले, जुनी उणीदुणी निघाली, आवाज चढले आणि अखेर दोघे उठून बाहेर पडू लागले, तेव्हा कार्टर यांना दाराशी आडवे उभे राहावे लागले. मनातले दोघांनीही लपवले नव्हते, हे लक्षात घ्यायला हवे. सादात मोठ्या चित्राचे भोक्ते आणि बेगिन शब्दाशब्दाचा कीस काढणारे वकील. अशा दोघांनी जितके मनमोकळे बोलावे, तितके भांडण वाढतच जाणार.

त्यानंतरच्या सुमारे दहा दिवसांत कार्टर यांनी दोघांना वाटाघाटींसाठी पुन्हा एकत्र बसवले नाही. (गेटिसबर्गची युद्धभूमी पाहायला मात्र तिघे मिळून गेले.) अमेरिकेने स्वतःचा एकच मसुदा तयार केला आणि तो या घरातून त्या घरात फिरू लागला, आक्षेप आले की दुरुस्ती, दुरुस्ती झाली की पुन्हा फेरी, असे करत वीसहून अधिक मसुदे झाले. बारीक कलमांसाठी कार्टर स्वतः इस्रायलचे कायदेतज्ज्ञ अहरोन बराक आणि इजिप्तचे मुत्सद्दी ओसामा अल-बाझ यांच्यासोबत बसले. कंटाळवाणे काम, पण खरे वजन त्याचेच होते, असे मला वाटते. तरीही मध्येच सादात सामान बांधून निघाले होते आणि त्यांना थांबवताना कार्टर यांच्या नाकी नऊ आले.

शेवटच्या दिवशी, १७ सप्टेंबरला, जेरुसलेमविषयीच्या अमेरिकेच्या एका पत्रावरून बेगिन यांनी सही करायला नकार दिला. तिघांची छायाचित्रे नातवंडांसाठी हवीत, असे त्यांनी आधी सांगून ठेवले होते. कार्टर यांनी प्रत्येक प्रतीवर एकेका नातवंडाचे नाव लिहून सही केली आणि ती पाकिटे स्वतः बेगिन यांच्याकडे नेऊन दिली. आठ नावे वाचता वाचता बेगिन यांचा कंठ दाटला. तेवढ्याने त्यांचे मत बदलले नाही, पण पत्राची भाषा बदलली, तर पुन्हा विचार करायला ते राजी झाले. जेरुसलेमवर दोघांचे एकमत झालेच नाही. प्रत्येकाने आपापली भूमिका वेगळ्या पत्रात लिहून दिली आणि करारातून तो विषयच वगळला गेला.

२६ मार्च १९७९ रोजी शांतता करार झाला आणि १९८२ च्या एप्रिलमध्ये सिनाई जवळजवळ पूर्णपणे इजिप्तकडे परतली. वेस्ट बँक आणि गाझासाठी ठरवलेली स्वायत्तता मात्र कागदावरच राहिली. ज्यांच्या भवितव्याची ती कलमे होती, त्या पॅलेस्टिनींना कॅम्प डेव्हिडचे बोलावणेच नव्हते.