पाच टक्के आमच्या मुलांचे

माझी लेक 22 वर्षांची. पाचाच्या पुढे तिला मोजता येत नाही, पण फुलवात अशी वळते की बघत राहावं. गावातल्या तिच्यासारख्या पाच मुलामुलींच्या आया एकत्र आलो आणि फुलवाती करून विकण्यासाठी दिव्यांगांचा बचत गट काढला. एरवी गटाला किमान दहा जण लागतात. दिव्यांगांच्या गटाला पाच चालतात, मुलगेही चालतात, हे 'उमेद'च्या, म्हणजे राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या, ताईंनी सांगितलं तेव्हा कळलं.

आधी सगळ्यांची युडीआयडी कार्डं, म्हणजे दिव्यांगांची सरकारी ओळखपत्रं, काढली. दोघांकडे जुनी कागदी प्रमाणपत्रं होती, त्यांची उपजिल्हा रुग्णालयात पुन्हा तपासणी झाली. 40 टक्क्यांच्या खाली अपंगत्व लिहिलं गेलं तर बहुतेक योजनांची दारं बंद होतात, म्हणून जुने सगळे रिपोर्ट सोबत न्याच.

खरी दमछाक बँकेत झाली. मुलांच्या कमाईचे पैसे मुलांच्याच खात्यात जावेत, ही आमची अट. बँकेतले साहेब म्हणाले, "मुलगी सज्ञान आहे, व्यवहार तिनेच करायला हवा." मी आई आहे हो! पण अठरा वर्षं पूर्ण झाली की कायद्याने आईसुद्धा आपोआप पालक राहत नाही. बौद्धिक अपंगत्व वगैरे असलेल्यांसाठी 1999 चा राष्ट्रीय न्यास कायदा आहे, त्याखाली जिल्ह्यात स्थानिक स्तर समिती असते, जिल्हाधिकारी तिचे अध्यक्ष. तिथे अर्ज करून कायदेशीर पालकत्वाचं प्रमाणपत्र घेतलं. चार महिने गेले, तालुका ते जिल्हा किती खेपा झाल्या ते मोजलं नाही. ज्यांची मुलं अठराला टेकली आहेत त्यांनी हे काम आजच हाती घ्या.

मग निधी. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले 5 टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. आमच्याकडे ते दिवाळीला वाटले जायचे, माणशी काही शे रुपये. मार्चमध्ये मागायला गेलो तर ग्रामसेवक भाऊ म्हणाले, "अंदाजपत्रक झालं, आता काय देऊ?" म्हणून पुढच्या 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत गटाच्या सामानासाठी लेखी मागणी घेऊन उभी राहिले. अंथरुणाला खिळलेल्या एका मुलाचे वडील उठले. "तुमचं सामान येईल, माझ्या पोराला काय?" त्यांचं बरोबरच होतं. मीच म्हटलं, जे काम करू शकत नाहीत त्यांची रोख मदत तशीच राहू दे, उरलेल्यातून सामूहिक कामाला द्या. तसा ठराव झाला.

पंचायतीची रिकामी खोली मिळाली, दोन टेबलं, वजनकाटा, पिशव्या बंद करायचं सीलिंग मशीन. अनुदानाने हत्यारं येतात, गिऱ्हाईक येत नाही. श्रावणात माल पुरत नाही आणि पौषात पडून राहतो, त्यासाठी आता देवळांच्या विश्वस्तांकडे आणि किराणा दुकानांत फिरतेय.

मोजणीचा प्रश्न अंड्यांच्या ट्रेने सोडवला. ट्रेला 30 खळगे असतात. लेक एकेका खळग्यात एकेक फुलवात ठेवते, ट्रे भरला की हाक मारते, "आई, पाकीट!" मागच्या महिन्यात तिच्या खात्यात पहिले 640 रुपये जमा झाले. पासबुक ती उशाखाली घेऊन झोपते.