बर्फावर काहीच लपत नाही

अंतराळयुद्धाच्या सिनेमाला काळं आकाश फार सांभाळून घेतं. संगणक नव्हते तेव्हा यानाचं मॉडेल निळ्या पडद्यापुढे चित्रित करायचे. त्यावरून यानाच्या आकाराचा काळा साचा, म्हणजे मॅट, फिल्मवर तयार व्हायचा. ताऱ्यांचं दृश्य छापताना तेवढी जागा कोरी ठेवायची आणि दुसऱ्या फेरीत त्या जागेत यान छापायचं. दोन्हींचा मेळ केसभर चुकला की यानाच्या कडेला काळी रेघ उमटते. पण मागे आकाशच काळं असेल तर ती रेघ बघतो कोण! काळ्या आकाशात बटाटासुद्धा लघुग्रह म्हणून खपतो, आणि 'द एम्पायर स्ट्राइक्स बॅक'मध्ये तो खरोखरच खपला आहे.

पण 'स्टार वॉर्स'चा हा सीक्वेल सुरू होतो तो बर्फात. मालिकेचा कर्ता जॉर्ज लुकासने पहिल्या भागाच्या १९७७ च्या यशानंतर पुढच्या भागाची पहिली मोठी लढाई पांढऱ्याशुभ्र हॉथ ग्रहावर ठेवली. तिथे प्रत्येक चूक कागदावर शाईचा डाग पडावा तशी दिसणार होती.

कथेची बांधणीही उलटी आहे. बंडखोरांचा तळ उद्ध्वस्त होतो ती लढाई सुरुवातीलाच उरकते. मग नायक ल्यूक गुरू योडाकडे शिकायला दलदलीच्या डॅगोबावर जातो. त्याचे साथीदार हान आणि लेया बिघडलेल्या यानातून पळत क्लाउड सिटीत पोचतात आणि तिथे दगाफटका होतो. हान कार्बोनाइटमध्ये गोठवला जातो, ल्यूकचा हात तुटतो, आणि शेवटी एकही प्रश्न सुटलेला नसतो. दिग्दर्शक अर्विन कर्शनर, लुकासचे एकेकाळचे शिक्षक. पटकथेचा पहिला खर्डा ली ब्रॅकेट यांचा. तो हातावेगळा केल्यावर मार्च १९७८ मध्ये त्या कर्करोगाने गेल्या. पुढचं लेखन लुकास आणि लॉरेन्स कॅस्डन यांनी केलं.

चित्रीकरण ५ मार्च १९७९ ला नॉर्वेतल्या फिन्से इथे सुरू झालं. या गावाला रस्ता नाही, फक्त रेल्वे. हिमवादळाने तीही अडली. अशा थंडीत फिल्म ठिसूळ होते, आणि बाहेरचा कॅमेरा उबेत आणला की लेन्सवर बाष्प धरतं. त्यात वादळामुळे बाहेर पडणंच जमेना तेव्हा कर्शनरने कॅमेरा हॉटेलच्या दारात लावला आणि ल्यूक झालेल्या मार्क हॅमिलला एकट्याला बर्फात पळवलं. वाम्पा या हिमराक्षसाच्या गुहेतून निसटलेला ल्यूक वादळात धडपडतो तो शॉट असा मिळाला. युनिट आत, नायक बाहेर.

खरा पेच मात्र कॅलिफोर्नियात होता. लुकासची इफेक्ट्स कंपनी, इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिक, तोवर सॅन राफेलला हलली होती. चार पायांची अवाढव्य युद्धयंत्रं, म्हणजे वॉकर्स, पांढऱ्या बर्फावर निळ्या पडद्याने बसवायचे, तर प्रत्येक पायाभोवती काळी रेघ येणार. यावरचा तोडगा मला सगळ्या सिनेमात सर्वांत शहाणपणाचा वाटतो. जमेल तिथे मॅट वापरायचाच नाही. टेबलावर बेकिंग सोडा आणि काचेच्या सूक्ष्म पोकळ गोळ्यांचा बर्फ पसरला, मागे डोंगर आणि आभाळाचा रंगवलेला पडदा लावला, आणि मॉडेल त्या देखाव्यासमोरच थेट चित्रित केलं. एकच निगेटिव्ह, जोडकाम नाही, म्हणून रेघही नाही.

त्याची किंमत वेळेत मोजावी लागली. सेकंदाला २४ फ्रेम्स, आणि प्रत्येक फ्रेमला वॉकरचे सांधे किंचित हलवायचे. चाल जड वाटावी म्हणून फिल टिपेट आणि सहकाऱ्यांनी हत्तीची चाल अभ्यासली. मॉडेलपर्यंत हात पोचायला टेबलात झडपा ठेवल्या होत्या. ॲनिमेटर खालून वर यायचा, मॉडेल हलवून पुन्हा खाली जायचा. मधल्या वेळात बर्फाला धक्का लागला, तर पडद्यावर जमीन वळवळताना दिसते.

बंडखोरांच्या छोट्या यानांची, स्नोस्पीडर्सची, मात्र सुटका नव्हती. ती वेगाने उडतात, तेव्हा निळा पडदा आलाच. इथे दोन उपाय झाले. एक, इफेक्ट्ससाठी व्हिस्टाव्हिजन कॅमेरे: ३५ मिमी फिल्म आडवी धावते, फ्रेम जवळजवळ दुप्पट मोठी मिळते, त्यामुळे पुन्हापुन्हा छापूनही दाणे फारसे वाढत नाहीत. दुसरा, रिचर्ड एडलंडच्या देखरेखीखाली बांधलेला चार प्रोजेक्टरांचा ऑप्टिकल प्रिंटर, म्हणजे वेगवेगळ्या फिल्म एकत्र छापणारं यंत्र. एवढं करूनही रेघ पुरती जाईना, तेव्हा मॅट थोडा विरळ ठेवला. परिणाम असा की कॉकपिटच्या चौकटीतून मागचा बर्फ आरपार दिसतो. काळ्या रेघेपेक्षा पारदर्शक चौकट बरी, हा हिशेब मला पटतो.

योडाची अडचण वेगळी. स्टुअर्ट फ्रीबॉर्नने घडवलेल्या या बाहुलीला फ्रँक ऑझ खालून हाताने खेळवायचा, म्हणून लंडनजवळच्या एल्स्ट्री स्टुडिओत दलदलीचा सेटच जमिनीपासून उंच बांधला. ऑझला वरचं काही दिसत नसे. तो मॉनिटरवर बघून हालचाल करायचा. बाहुली पूर्ण उंचीने चालताना इतकी कमी का दिसते, याचं उत्तर त्या फळ्यांखाली आहे.

लपवता आली अशी एकच गोष्ट होती: खलनायक व्हेडर हा ल्यूकचा बाप आहे, हे. सेटवर व्हेडरच्या पोशाखातल्या डेव्हिड प्राउजने 'ओबी-वानने तुझ्या बापाला मारलं' असं वाक्य म्हटलं. हॅमिलला खरं वाक्य शॉटच्या जरा आधी सांगितलं. जेम्स अर्ल जोन्सचा आवाज नंतर चढणारच होता आणि मुखवट्याला ओठ नसतात, त्यामुळे वाक्य बदललं तरी कुणाला पत्ता लागला नाही.

खर्च सुमारे १ कोटी ८० लाख डॉलरवरून ३ कोटींच्या वर गेला. पैसा लुकासचा स्वतःचा आणि बँकांच्या कर्जाचा. सिनेमा २१ मे १९८० ला आला, आधी ७० मिमीच्या प्रिंट्सवर. त्या प्रिंट्स थिएटरांत गेल्यावर लुकासला शेवट संदिग्ध वाटला, म्हणून ३५ मिमीसाठी बंडखोरांच्या ताफ्याचे तीन शॉट्स वाढवले. पहिल्या आठवड्यांतल्या प्रेक्षकांनी थोडा वेगळा सिनेमा पाहिला तो असा. सुरुवातीला दिग्दर्शकाचं नाव न दाखवल्याबद्दल दिग्दर्शकांच्या संघटनेने दंड केला; लुकासने तो भरला आणि संघटना सोडली.

१९९७ च्या आवृत्तीत हॉथचे जोडलेले शॉट्स संगणकावर नव्याने जुळवले आणि स्पीडर्सच्या चौकटी भरीव केल्या. वॉकर्स जिथे रंगवलेल्या पडद्यासमोर थेट टिपले होते, तिथे पुसायला रेघच नव्हती.