टायर बदलले आणि ॲव्हरेज पडलं

गाडीचे टायर पार गुळगुळीत झाले होते. मूळ साइज १५५/६५ आर१४, म्हणजे १५५ मिलिमीटर रुंद आणि १४ इंची रिमचे. गावाकडच्या रस्त्यावर पोट घासायचं, म्हणून त्याच रिमवर १६५/७० आर१४ घातले. गाडी उचलली गेली, खड्डेही कमी जाणवू लागले. पण पुढची टाकी फुल केली आणि पोटात गोळाच आला. लिटरला १८ देणारी गाडी १६.८ वर! मीटरवर ५०० किलोमीटर, पेट्रोल २९.८ लिटर. पुढच्या दोन टाक्यांनाही तेच.

टायरवाला म्हणाला, रुंद टायरला एवढं होणारच. मला ते पटेना. शेवटी बाबांनीच विचारलं, "अरे, पण किलोमीटर मोजतं कोण? चाकच ना?"

तिथे गाठ सुटली. मीटर चाकाचे फेरे मोजतं आणि दर फेऱ्याला मूळ टायरच्या हिशेबाने अंतर धरतं. टायरवरचा ६५ किंवा ७० म्हणजे रुंदीच्या तितके टक्के बाजूची उंची. ती १०१ मिलिमीटरवरून ११५ च्या वर गेली. वर-खाली दोन्हीकडे धरून सगळं चाक ५५७ चं ५८७ मिलिमीटर झालं. म्हणजे फेरा सुमारे ५.३ टक्के लांब, आणि मीटरला त्याचा पत्ताच नाही!

खात्री करायला रविवारी पुणे–सातारा रस्त्यावर किलोमीटरचे दगड धरून गेलो. दगडांनी २० किलोमीटर, मीटरवर १९. म्हणजे त्या ५०० चे खरे ५२६ झाले होते आणि ॲव्हरेज १७.७ होतं. डॅशबोर्डवरचा ॲव्हरेजचा आकडाही मीटरचंच अंतर धरतो, त्यामुळे तोही कमीच दिसतो. वेगाचंही तसंच, काटा तेवढ्यावरच असला तरी गाडी आता पूर्वीपेक्षा जोरात असते. हे मला ॲव्हरेजपेक्षा महत्त्वाचं वाटतं.

आणि जुने १८ तरी कुठे खरे होते? सहा मिलिमीटर रबर झिजलं की चाक बारा मिलिमीटरने लहान होतं, मग मीटर दोनेक टक्के जास्त पळतं. ते वजा केलं तर जुनं ॲव्हरेजही १७.६ च्या आसपासच येतं. फरक जाणवतो तो चढावर, दुसऱ्या गिअरला गाडी जरा जड ओढते.

बाबांच्या पेट्रोलच्या वहीत आता एक रकाना वाढलाय: मीटर गुणिले १.०५३. टायर झिजतील तसा हा आकडा उतरेल, म्हणून वीस हजार किलोमीटरनंतर पुन्हा त्याच दगडांवर जाणार आहे.